मयेकर सरांची भट्टी

मयेकर सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "शितप, तुम्ही पावडर लावता का हो?"

मी नुकताच त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो होतो. रत्नागिरीत मे महिन्यात अंघोळ करून निघालेला माणूस एसटीच्या थांब्यापर्यंत पोचेतो पुन्हा भिजतो. मानेला पावडर थापणं हा आमच्याकडे शौक नाही, गरज आहे. मी "हो" म्हटलं.

"मग आजपासून बंद. डोक्याला तेलही कमी. आणि तंबाखू खात असलात तर आत्ताच सांगा, मी दुसरा माणूस मागून घेतो."

तंबाखू नव्हता, म्हणून मी राहिलो. एकवीस वर्षं राहिलो.

सर विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. वेळापत्रकात त्यांच्या नावासमोर मोटर आणि ट्रान्सफॉर्मर असायचे आणि ते ते नीट शिकवायचेही. पण जीव होता सेमीकंडक्टरमध्ये, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीवर ट्रान्झिस्टर आणि चिप घडवतात त्यात. चिपवर व्याख्यान देणारी माणसं पुष्कळ असतात. सरांनी चिप स्वतःच्या हातांनी बनवली होती. उत्तरेत पीएच.डी. केली, तिकडच्याच एका कारखान्यात सहा वर्षं काढली आणि मग सगळं सोडून कोकणात परत आले. ते मूळचे वेळणेश्वरचे. वडील मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने समुद्रावर. वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून मयेकर परतले, असं लोक सांगत. ते अर्धंच खरं होतं. आमच्या संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष हौशी गृहस्थ होते. ते सरांना म्हणाले होते, "मयेकर, तुम्ही या. खोली मी देतो, बाकीचं बघू." सरांनी त्यातलं 'खोली देतो' एवढंच ऐकलं.

खोली मिळाली. रसायनशास्त्र विभागाचं जुनं भांडार. सरांनी खिडक्या कायमच्या बंद करून घेतल्या, भिंतींना ऑइलपेंट दिला, एका दाराच्या आत दुसरं दार बसवलं. दोन दारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत चपला काढायच्या, झगा आणि टोपी चढवायची, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग आत जायचं. पोरं त्या खोलीला 'ऑपरेशन थिएटर' म्हणायची. व्हरांड्यात सर दिसले की एखादा धीट विचारायचा, "सर, पेशंट कसा आहे?" सर गंभीरपणे सांगायचे, "स्थिर आहे."

त्या खोलीच्या सवयी त्यांच्या अंगात मुरल्या होत्या. कुठलीही वस्तू ते मध्ये बोट लावून धरत नसत. लग्नाची पत्रिका दिली तरी कडांना धरून बघायचे. समोर टेबलावर काही असलं तर बोलताना मान बाजूला वळवायचे, आपला श्वास त्या वस्तूवर पडू नये म्हणून. नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ शिष्ट आहे, तोंडाकडे बघून बोलत नाही. एकदा विद्यापीठाहून आलेल्या तपासणी समितीच्या अध्यक्षांना याचा राग आला आणि त्यांनी अहवालात तसं लिहिलंही. सरांना तो अहवाल प्राचार्यांनी वाचून दाखवला. सरांनी विचारलं, "पण त्यांचा चहा माझ्यापुढे होता, मी काय करायला हवं होतं?"

त्यांचं खरं वैर होतं मिठाशी. ते मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावून दिलं. ट्रान्झिस्टर घडवताना चकतीवर काचेसारखा एक अतिशय पातळ थर चढवतात. मिठातला सोडियम त्या थरात शिरला की ट्रान्झिस्टर बिघडतो, आणि तोही एकदम बिघडत नाही. आज एक सांगतो, उद्या दुसरंच सांगतो. "म्हाताऱ्या माणसासारखं होतं हो त्याचं," सर म्हणाले. "असतो, पण भरवसा राहत नाही." आणि आमचं कॉलेज समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी वारा फिरला की व्हरांड्याच्या लोखंडी कठड्याला हात लावावा आणि बोट जिभेवर ठेवावं, खारट लागायचं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तर हवेत इतकं पाणी असायचं की काम बंदच ठेवावं लागे. त्या दिवसांत कोणी काही विचारलं की सर म्हणायचे, "पावसानंतर बघू." मग पावसानंतर परीक्षा असायच्या.

"मग सर, इथेच कशाला?" मी एकदा धीर करून विचारलं. "पुण्याला, बंगलोरला..."

"तिकडे करतातच की लोक," ते म्हणाले. "आमच्याकडची पोरं मुंबईला जातात, बोटीवर जातात, आखातात जातात. इथे बसून करण्यासारखं एक तरी काम असावं की नाही?"

चकत्यांना इंग्रजीत वेफर म्हणतात. यावरून जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं आणि लगेच ते थांबतं. परदेशातून पंचवीस चकत्यांची पेटी यायची होती. सरांनी त्यासाठी अकरा महिने पत्रव्यवहार केला होता. पेटी आली त्या दिवशी आम्ही दोघंही परीक्षेच्या कामावर. फाटकावरच्या माणसाने वर लिहिलेलं 'वेफर' वाचलं आणि पार्सल सरळ कँटीनमध्ये पोचतं केलं. कँटीनवाले नाटेकर भले गृहस्थ. त्यांनी पेटी उघडली. आत आरशासारख्या गोल चकत्या. संध्याकाळी चारला आम्ही पोचलो तेव्हा भज्यांच्या परातीशेजारी त्या पंचवीसच्या पंचवीस ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या.

"सर, जरा डाग दिसत होते," नाटेकर कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले, "म्हणून मी सगळ्या फडक्याने पुसून ठेवल्या हो."

मला वाटलं आता सर ओरडणार. ते ओरडले नाहीत. त्यांनी मान बाजूला वळवली आणि म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेतलात, नाटेकर." मग एकेक चकती कडेने उचलून पेटीत ठेवली. पुढचे चार दिवस ते त्या धूत होते, आम्लात, मग पाण्यात, मग परत आम्लात. चौथ्या दिवशी त्यातल्या नऊ चालण्यासारख्या आहेत असं ठरवलं. नऊ खरंच चालण्यासारख्या होत्या की सरांनी तसं ठरवलं, ते मला माहीत नाही.

भट्टी त्यांनी बंद पडलेल्या एका कारखान्यातून मिळवली. लांबट, माणसाएवढी, मध्ये क्वार्ट्झची पारदर्शक नळी. चकत्या त्या नळीत सरकवून हजार अंशांवर भाजायच्या. ती ट्रकने आंबा घाटातून येत असताना तपासणी नाक्यावर ड्रायव्हरने "भट्टी आहे" एवढंच सांगितलं, आणि पोलिसांनी दारूची समजून ट्रक अर्धा दिवस अडवून ठेवला. सर स्वतः जाऊन ती सोडवून घेऊन आले.

हजार अंश गाठायला सकाळचे पाच तास लागत. दुपारी वीज गेली की सगळं फुकट. सर वीज मंडळाच्या कार्यालयात जाऊन बसायचे, अर्ज द्यायचे, आठवडाभर आधी विचारून यायचे. तिथले लोकही त्यांना ओळखू लागले होते. "मयेकर सर, बुधवारी नक्की देतो बघा," असं सांगायचे, आणि बुधवारी कुठेतरी तारेवर माडाची झावळी पडायची. एकदा तर चकत्या आत असताना तीन वेळा वीज गेली. तिसऱ्या वेळी सर स्टुलावर बसले आणि भट्टीचा आकडा खाली खाली येताना बघत राहिले. नऊशे. आठशे चाळीस. सातशे. भट्टी निवायला संध्याकाळ होणार होती, तरी बसून राहिले.

मी लागल्यापासून सहाव्या वर्षी, फेब्रुवारीत, तो ट्रान्झिस्टर झाला. चकतीवर छत्तीस होते. सर सूक्ष्मदर्शकातून बघत एकेकावर सुया टेकवत होते आणि मी वहीत फुल्या मारत होतो. एकोणतिसाव्याला ते थांबले.

"शितप, पडद्याकडे बघा."

मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावर एक हिरवी रेघ वर चढली आणि मग आडवी झाली. सरांनी बटण फिरवलं. तिच्यावर दुसरी, तशीच. मग तिसरी. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण पुस्तकात जे चित्र होतं तेच तिथे होतं.

"झाला?" मी विचारलं.

"झाला," ते म्हणाले. मग त्यांनी टोपी काढली. आतल्या खोलीत टोपी काढलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. घरी फोन करून वहिनींना म्हणाले, "अगं, झाला." वहिनींनी विचारलं असावं, कोणाला काय झालं, कारण सर म्हणाले, "नाही नाही, कोणाला नाही. ट्रान्झिस्टर."

ते रोज सकाळी येऊन तो मोजायचे. दुसऱ्या दिवशी रेघा किंचित सरकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आणखी. पाचव्या दिवशी ओळखू येईनात. सरांनी सुया उचलल्या, दिवा मालवला.

"मीठ," म्हणाले.

त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही प्रयत्न केले, पण तसा दुसरा झाला नाही. वारंवार तापून आणि निवून नळी आतून पांढरी पडत गेली आणि एका दुपारी निवताना तिला लांबलचक तडा गेला. तोवर जुने अध्यक्ष वारले होते. नवी नळी मागणारा सरांचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावरून पुढे सरकला नाही.

शबाना मुकादम ही नळी फुटण्याआधीच्या त्या वर्षांतली विद्यार्थिनी. मिरकरवाड्यातली मुलगी, वडिलांचा मासळीचा व्यापार. सरांच्या इतक्या वर्षांत त्या खोलीचं वेड लागलेली अशी ही एकच. ती पावडर न लावता, हातातल्या बांगड्या काढून, न सांगता वेळेवर यायची. सरांच्या आवाजात तिच्याशी बोलताना एक वेगळाच हुरूप असायचा. शेवटच्या वर्षी तिला पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. सर तिला म्हणाले, "ते कोणीही करेल. तू हे कर." तिने नोकरी नाकारली, उत्तरेत जाऊन एम.टेक. केलं, पहिल्या वर्गात. आणि मग तिच्या हाताला काम नव्हतं. ज्या कामाचं ती शिकली होती ते काम देणारं ठिकाण देशात जवळजवळ नव्हतंच, आणि परदेशी जायची वेळ आली तेव्हा वडिलांना अर्धांगवायू झाला. ती घरी परतली.

सर मला घेऊन मुकादमांकडे गेले होते. शबानाचे वडील, चाचा, खाटेवर होते, जीभ जड झालेली, पण बोलणं कळत होतं. शबानाने सरबत आणलं.

"सर," चाचा म्हणाले, "तुमचा इल्म खरा आहे. मी नाय म्हणत नाय. पण त्यात माझ्या पोरीला उभं ऱ्हायला जागा कुठे आहे, ती मला दाखवा."

सर पेला कडेने धरून बसले होते. तो खाली ठेवून म्हणाले, "माझी चूक झाली, चाचा."

"अब्बा, सरांची काय चूक," शबाना म्हणाली. "मला आवडलं म्हणून मी गेले."

परत येताना सर चालत आले. रिक्षा नको म्हणाले. "ती रागावली असती तर बरं झालं असतं," एवढंच एकदा बोलले. शबाना आता दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. बाजारात ती लांबून दिसली की सर रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. ते तिला कळायचं. मग तीच आधी वळायला लागली.

सरांच्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी नव्या प्राचार्यांनी खोली मागितली. संगणकांसाठी हवी होती. सरांनी वाद घातला नाही. आम्लांच्या बाटल्या त्यांनी स्वतः रिकाम्या केल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. भंगारवाल्याचा टेम्पो आला तेव्हा ते हजर होते.

"ही नळी सावकाश," त्यांनी सांगितलं. "काचेसारखी आहे."

"फुटलेलीच आहे ना, सर?" भंगारवाल्याने विचारलं.

"हो," सर म्हणाले. "फुटलेलीच आहे."

त्याने ती टेम्पोत टाकली. टाकल्यावर जो आवाज झाला त्यानंतर सर तिथे थांबले नाहीत.

मग ते निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी एकाएकी सगळा देश सेमीकंडक्टरचं बोलू लागला. वर्तमानपत्रात रोज. दूरच्या एका राज्यात मोठा कारखाना उभा राहणार होता. आमच्या कॉलेजातही त्या जुन्या खोलीवर 'सेमीकंडक्टर केंद्र' अशी पाटी लागली. आत संगणकच होते, तेच. फक्त भिंतीवर चिपचं मोठं रंगीत चित्र आलं.

एका सकाळी सरांचा फोन. आवाज बदललेला. "शितप, त्या कारखान्याला अनुभवी माणसं हवी आहेत. वयाची अट नाही लिहिलेली. मी अर्ज केला होता, त्यांनी मुलाखतीला बोलावलंय. संगणकावर होते म्हणे मुलाखत. आमच्या घरचं इंटरनेट बसतं. तुमच्याकडे सोय होईल का?"

मी अजून कॉलेजातच होतो; सोय त्याच खोलीत होणार होती. सर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी दोनदा केल्यासारखी गुळगुळीत. दाराशी वाकले आणि चपला काढू लागले.

"राहू द्या सर," मी म्हटलं. "आता तसंच जातात."

ते क्षणभर तसेच वाकून राहिले. मग चपलांसकट आत गेले.

पडद्यावर तिशीतला एक तरुण होता, सभ्य, हसतमुख. मी बाजूला उभा होतो. बोलणं इंग्रजीत झालं, पण ते मला शब्दन् शब्द आठवतं. सरांनी सवयीने मान बाजूला वळवली.

"सर, माझा आवाज येतोय ना?" त्याने विचारलं.

"येतोय, येतोय."

"तुम्ही किती नॅनोमीटरच्या चिपवर काम केलंय?"

"नॅनोमीटर नाही," सर म्हणाले. "आमच्या वेळी पाच मायक्रॉन होतं. म्हणजे तुमच्या हिशेबात पाच हजार."

तो तरुण हसला नाही, हे त्याचं चांगुलपण. त्याने कागदावर काहीतरी पाहिलं. "हे कारखान्यातलं झालं. त्यानंतर तुम्ही कॉलेजात प्रयोगशाळा उभी केली असं लिहिलंय. तिथे काय बनवलंत?"

"ट्रान्झिस्टर."

"कोणत्या प्रकारचे?"

"एक," सर म्हणाले.

"एक प्रकारचा?"

"नाही. एक."

मग त्या तरुणाने सरांचे मनापासून आभार मानले, तुमच्यासारख्या लोकांमुळेच आम्ही आज इथे आहोत असं काहीतरी म्हणाला आणि कळवतो म्हणाला. सर पुढे झुकून सांगू लागले, "मिठाचा त्रास तुमच्याकडे कसा आहे? कारण आमच्याकडे..." पण पडदा तोवर काळा झाला होता. सर वाक्य पूर्ण करून थांबले.

मी चहा मागवला. तो त्यांनी प्यायला नाही. म्हणाले, "फार नीट बोलला हो मुलगा." मग कप कडेने बाजूला सारून, "शितप, मला येत नव्हतं असं तर नव्हतं ना?"

"नाही सर. येत होतं."

"मग?" त्यांनी विचारलं.

हे विचारताना ते माझ्या तोंडाकडे थेट बघत होते.

त्या वर्षी त्यांनी रत्नागिरीतली जागा सोडली आणि वहिनींना घेऊन वेळणेश्वरला राहायला गेले. फोन कमी झाले. वहिनी सांगायच्या, जेवतात, झोपतात, वर्तमानपत्र आलं की घडी न मोडता बाजूला ठेवतात. गावच्या शाळेने विज्ञानदिनाला बोलावलं होतं, गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले काही आजार नाही.

सर पौषात गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या तीन आठवडे आधी. गुहागरकडे एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला चाललो होतो. भर दुपारची एसटी, पर्यटकांनी खच्चून भरलेली, मी मागच्या खिडकीशी. वेळणेश्वरच्या फाट्यावर सर उभे होते. हातात कापडी पिशवी, शर्टाची बाही मनगटाशी नीट बटणात. शेड रिकामी होती, तरी ते उन्हात उभे होते.

मी खिडकीतून हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही. गाडीचा वेग कमी झाला नाही तसा मी कंडक्टरला ओरडून सांगितलं, "अहो, थांबवा, फाट्यावर माणूस आहे!"

त्याने माणसांच्या गर्दीतून वाकून बाहेर पाहिलं.

"त्यांनी हात कुठे केलान?" तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाचं तिकीट फाडू लागला.

मी वळून बघत राहिलो. सर बसकडे बघत होते. बस त्यांच्या समोरून गेली, पुढे गेली, वळणावर आली. दोन्ही हात पिशवीच्या बंदांवर तसेच होते.